जुना आवडता बँड लाइव्ह बघायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे मेंबर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. एवढा प्रवास करून आता जाण्यात अर्थ आहे का?

आहे, शंभर टक्के आहे. फक्त काय ऐकायला जातोय ते आधी स्वतःशी नक्की करा. सत्तरच्या दशकातला त्यांचा लाइव्ह अल्बम डोक्यात धरून गेलात तर पहिल्या गाण्यापासूनच मनात वजाबाकी सुरू होते, इथे आवाज चढला नाही, तिथे सोलो सावकाश झाला, तो ड्रमचा रोल गाळला, आणि असं करता करता दोन तास संपतात. तो अल्बम घरी आहेच की, तो कुठे पळून जात नाही. पण एखाद्या माणसाने स्वतः रचलेली रिफ, म्हणजे गाण्यात सारखी परत येणारी गिटारची छोटी धून, पन्नास वर्षं वाजवलीय आणि आज, या वयात, या हातांनी तो ती कशी वाजवतो हे फक्त समोर उभं राहूनच कळतं, आणि मला विचाराल तर तेच ऐकायला जायचं असतं. बऱ्याचदा तो आता कमी सूर वाजवतो आणि तेवढेच अगदी नेमके लागतात. मिक जॅगरने २०२४ ची रोलिंग स्टोन्सची टूर वयाच्या ८० व्या वर्षी केली, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. ते बघताना "तरुणपणी कसा असेल" असा विचार करत बसायचं की समोर जे चाललंय ते बघायचं, ते आपल्या हातात असतं.

गायकाचा आवाज पूर्वीसारखा राहिलाय का?

नाही, आणि राहणारही नाही. वयाबरोबर स्वरयंत्राचे स्नायू आणि पडदे कमी लवचिक होतात, दम कमी पडतो, त्यामुळे वरचे सूर आधी जातात. आता प्रश्न एवढाच की बँड त्यावर काय करतो. बहुतेक जण पट्टी उतरवतात, म्हणजे गिटार आणि बास अर्ध्या स्वराने किंवा कधी पूर्ण स्वराने खाली लावतात आणि गाणं तेच ठेवतात. २००७ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपेलिन एका रात्रीसाठी एकत्र आले तेव्हा त्यांनीही काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली होती आणि तो शो लोक अजून डोक्यावर घेतात. पट्टी उतरवली की गिटार थोडी जड, थोडी जाड वाजते, काही गाण्यांना तर ते छान शोभतं. काही गायक वरची ओळ पब्लिकवर सोडतात, काही जण चाल बदलून खालून जातात. मला चाल बदलणारे जास्त आवडतात, कारण त्यात गाण्याचा विचार दिसतो, नुसती तडजोड नाही.

तयारी म्हणून एक करा, त्याच टूरच्या आधीच्या दोन-तीन शोजची लोकांनी फोनवर घेतलेली रेकॉर्डिंग्ज ऐका, बँडने स्वतः काढलेला लाइव्ह अल्बम नको, तो बऱ्याचदा नंतर साफसूफ केलेला असतो. फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकून आवाज प्रत्यक्षापेक्षा वाईटच वाटतो हेही लक्षात असू द्या, फोनचा माइक एवढा मोठा आवाज पेलू शकत नाही, फाटतो. पण पट्टी कुठे आहे, गाण्याचा वेग किती आहे, हे कळतं, आणि मग शोमध्ये धक्का बसत नाही.

मूळ मेंबर एक-दोनच उरलेत. मग तो तोच बँड म्हणायचा का?

यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत सरळ आहे, नावं मोजू नका, कान लावा.

डीप पर्पल घ्या. बँड १९६८ चा, आणि प्रत्येक लाइनअपमध्ये असलेला एकच माणूस आहे, ड्रमर इयन पेस. कीबोर्डवरचा जॉन लॉर्ड २००२ मध्ये बाहेर पडला, २०१२ मध्ये गेला. गिटारवर रिची ब्लॅकमोरनंतर स्टीव्ह मोर्स बरीच वर्षं होता, तो २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे बाजूला झाला आणि सायमन मॅकब्राइड आला. कागदावर बघितलं तर हा दुसराच बँड वाटेल, पण पेसचा तो सुटा, झुलता हात ऐकला की दोन मिनिटांत कळतं की हे दुसरं कुणी असूच शकत नाही.

रोलिंग स्टोन्समध्ये चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला, आता स्टीव्ह जॉर्डन वाजवतो. तो चार्लीची नक्कल करत नाही, जास्त जोरात मारतो, आणि त्यामुळे जुनी गाणी थोडी वेगळ्या चालीने चालतात. कुणाला ते खटकतं, मला नाही खटकत, नक्कल केली असती तर जास्त वाईट वाटलं असतं.

काही ठिकाणी घरातलंच माणूस येतं. एसी डीसीमध्ये माल्कम यंगला डिमेन्शिया झाल्यावर २०१४ पासून त्याचा पुतण्या स्टीव्ही यंग रिदम गिटार वाजवतो. ईगल्समध्ये ग्लेन फ्राय २०१६ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी त्याचा मुलगा डीकन आणि सोबत व्हिन्स गिल आले. वडिलांचं गाणं मुलगा गातोय, समोर वडिलांचे जुने सोबती उभे आहेत, हे बघताना मला तरी "ओरिजिनल किती" हा प्रश्न पडत नाही.

आणि जुडास प्रीस्ट. गिटारिस्ट ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स झाल्याचं त्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं, टूरवर त्याच्या जागी अँडी स्नीप वाजवतो, पण टिप्टन बँडमध्येच आहे आणि जमेल तेव्हा शेवटच्या काही गाण्यांना स्टेजवर येतो. त्या दोन-तीन गाण्यांत तो किती सूर वाजवतो हे कुणीही मोजत नाही.

मग कुठल्या बँडला जाऊ नये? जिथे नावाचे हक्क एकाकडे आहेत, स्टेजवर कुणालाच ती गाणी स्वतःची वाटत नाहीत आणि सगळं पाठ केल्यासारखं चाललंय तिथे. हेही एखादं अलीकडचं रेकॉर्डिंग ऐकून लगेच कळतं.

"फेअरवेल टूर" म्हणतायत. खरंच शेवटची असते का?

कधी असते, कधी नसते, आणि ते त्यांनाही तेव्हा माहीत नसतं असं मला वाटतं. स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये निरोपाची घोषणा केली होती, आणि २०२५ मध्ये त्यांनी बँडची ६० वर्षं साजरी केली. किसची फेअरवेल टूर २००० मध्ये झाली आणि खरा शेवटचा शो थेट २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. मॉटली क्रूने तर पुन्हा टूर न करण्याचा करारच सही केला होता, २०१५ च्या ३१ डिसेंबरला थांबले, २०२२ मध्ये परत स्टेडियममध्ये.

पण उलटंही होतं आणि ते जास्त लागतं. रशने १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये शो केला तेव्हा बऱ्याच फॅन्सना वाटत होतं की अधूनमधून एखादा शो होईलच, पण ड्रमर नील पर्ट २०२० च्या जानेवारीत गेला. रशच्याच गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसनने पुढे २०२५ मध्ये नवी ड्रमर आनिका नीलेसला घेऊन २०२६ ची टूर जाहीर केली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण पर्टला बघायचं राहिलं त्यांचं राहिलंच. ब्लॅक सॅबथचे मूळ चौघं ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, त्यांच्या स्वतःच्या गावात, शेवटचे एकत्र वाजले. त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनावर बसून गायला कारण उभं राहता येत नव्हतं. त्यानंतर १७ दिवसांनी तो गेला.

म्हणून फेअरवेल लिहिलंय की नाही यावर ठरवू नका. जमत असेल तर या टूरला जा. "पुढच्या वेळी बघू" हे वाक्य सत्तरी ओलांडलेल्या बँडच्या बाबतीत वापरू नका.

कुठल्या शहरातला शो निवडायचा?

जवळचा निवडा असं सगळे सांगतात, मी म्हणेन आधी टूरचं कॅलेंडर नीट बघा. या वयाचे बँड हल्ली दोन शोंच्या मध्ये दोन-तीन दिवस, कधी जास्तही, सुट्टी ठेवतात, गायकाच्या गळ्यासाठी. ज्या शोच्या आधी मोठी सुट्टी आहे तो निवडला तर आवाज ताजा मिळायची शक्यता जास्त. टूरचा पहिला शो मी टाळते, तिथे अजून सगळं बसलेलं नसतं, लाइट्स, साउंड, गाण्यांचा क्रम, सगळंच. अगदी शेवटचा शो भावनेने भरलेला असतो पण दमणूकही तिथेच दिसते. मधला काळ उत्तम.

एकाच शहरात दोन रात्री असतील तर विचार करा. मेटॅलिकाने २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमपासून सुरू केलेल्या टूरमध्ये जिथे दोन रात्री होत्या तिथे दुसऱ्या रात्री एकही गाणं रिपीट केलं नाही. पर्ल जॅम रोज सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांची यादी, बदलतात. अशा बँडसाठी दोन रात्री राहणं सार्थकी लागतं. ज्यांची गाणी रोज तीच असतात त्यांच्यासाठी एक रात्र चांगल्या जागेवरून बघितलेली बरी.

जागा निवडायची सोय असेल तर स्टेडियमपेक्षा बंदिस्त अरीना, आणि अरीनापेक्षा थिएटर. स्टेडियममध्ये वारा आवाज उडवून नेतो, हे खरोखर होतं, वाऱ्याचा झोत आला की वरचे सूर गायब होतात आणि परत येतात. फेस्टिव्हलमध्ये सेट छोटा असतो आणि गर्दीतल्या निम्म्या लोकांना दुसरंच कुणीतरी बघायचं असतं.

तिकीट कसं मिळवायचं?

बँडच्या मेलिंग लिस्टवर किंवा फॅन क्लबमध्ये आधीच नाव नोंदवा, प्रीसेलचे, म्हणजे सगळ्यांसाठीच्या विक्रीआधी होणाऱ्या विक्रीचे, कोड तिथेच येतात. विक्री सुरू व्हायच्या आधी अकाउंट उघडून, पेमेंटची माहिती भरून, लॉगिन करून बसा. रांगेत असताना पेज रिफ्रेश करू नका, बऱ्याच साइटवर त्याने नंबर जातो.

नाही मिळालं तर लगेच भलत्याच भावाने रिसेलवाल्यांकडून घेऊ नका. शोच्या शेवटच्या आठवड्यात, कधी त्याच दिवशी, आयोजक राखून ठेवलेल्या जागा सोडतात, कारण स्टेज उभं राहिल्यावरच कळतं की कुठली सीट स्पीकरच्या आड येते आणि कुठली नाही. त्या बऱ्याचदा खूप चांगल्या जागा असतात. घ्यायचंच असेल तर अधिकृत रिसेलवरून घ्या, स्क्रीनशॉट पाठवतो म्हणणाऱ्याकडून कधीच नाही. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का हेही आधी वाचा, काही बँड ते मुद्दाम बंद ठेवतात. २०२३ मध्ये द क्युअरने काळाबाजार रोखायला तसं केलं होतं, आणि तिकिटावर लावलेली जादा फी बघून त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथने जाहीरपणे एवढा पाठपुरावा केला की तिकीट कंपनीने फॅन्सना त्यातले थोडे पैसे परत दिले. एवढ्या जुन्या बँडचा माणूस फॅन्ससाठी असा उभा राहतो हे मी विसरणार नाही.

शो रद्द झाला किंवा पुढे ढकलला तर?

या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, कारण बाहेरगावी जाणाऱ्यांचं खरं नुकसान इथे होतं.

तिकिटाचे पैसे साधारणपणे परत मिळतात. विमान, ट्रेन, हॉटेल यांचे मिळत नाहीत, तो तुमचा प्रश्न असतो. आणि या वयाच्या बँडच्या बाबतीत ढकलाढकल होणारच असं धरून चाला. २०१९ मध्ये जॅगरच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली म्हणून स्टोन्सची अख्खी टूर पुढे गेली, ते त्याच उन्हाळ्यात परत आले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पोटातल्या अल्सरमुळे ई स्ट्रीट बँडचे शो पुढच्या वर्षावर गेले. एरोस्मिथची निरोपाची टूर त्याच महिन्यात सुरू झाली आणि मोजकेच शो होतात न होतात तोच गायक स्टीव्हन टायलरच्या स्वरयंत्राला इजा झाली, तारखा ढकलत गेले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी टूर करणंच कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. एसी डीसीचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की थांबला नाहीस तर ठार बहिरा होशील, उरलेले शो गन्स एन रोझेसचा ॲक्सल रोझ गायला. जॉन्सन पुढे परत आला, २०२३ पासून पुन्हा मोठ्या स्टेजवर आहे, पण २०१६ ला त्याच्यासाठी तिकीट काढलेल्यांना दुसराच गायक मिळाला.

तर काय करायचं? हॉटेल असं घ्या जे एक-दोन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं, थोडं महाग पडलं तरी. जाण्या-येण्याची तिकिटं तारीख बदलता येईल अशी. शोच्या आदल्या दिवशी पोचा, त्याच दिवशी पोचण्याचा बेत कधीच करू नका, एक फ्लाइट लेट झाली की संपलं. शोच्या रात्री तिथेच राहा. व्हिसा लागत असेल तर तिकीट हातात आलं त्याच दिवशी त्याच्या मागे लागा. आणि त्या शहरात बघण्यासारखं अजून काही आहे का ते शोधून ठेवा, म्हणजे शो गेला तरी प्रवास अगदीच वाया जात नाही. ढकललेल्या शोचं तिकीट बहुतेक वेळा नव्या तारखेला चालतं, त्यामुळे चिडून लगेच रिफंड मागू नका, चार दिवस थांबून ठरवा.

कुठे उभं राहायचं? अगदी पुढे रेलिंगला?

चेहरे बघायचे असतील तर पुढे, गाणी ऐकायची असतील तर साउंडच्या टेबलापाशी. प्रेक्षकांच्या मधोमध एक कठडा घातलेला असतो, तिथे साउंड इंजिनिअर बसतो, आणि तो जे ऐकतो त्याप्रमाणेच सगळं मिक्स करतो. त्याच्या बाजूला किंवा जरा पुढे उभं राहिलं की तुम्हीही तेच ऐकता. अगदी पुढे मात्र मोठे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे फेकत असतात, तुम्हाला ऐकू येतात ते स्टेजवरचे ड्रम, अ‍ॅम्प आणि पुढे ठेवलेले छोटे स्पीकर, आणि गायक बऱ्याचदा दबतो. ज्या गायकाचा आवाज आधीच हलका झालाय त्याला ऐकायला पुढची जागा सगळ्यात वाईट.

खूप मागेही जाऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर उभे असाल तर स्टेजवर ड्रमरची काठी पडलेली दिसते आणि ठोका कानावर येतो यात सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. मोठ्या मैदानात मध्येच वेगळे टॉवर उभे करून त्यावरचे स्पीकर मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात म्हणून आवाज गोंधळत नाही, पण हात आणि ठोका यांचं जुळणं तिथे हरवतं. मला ते जुळणं फार महत्त्वाचं वाटतं. एका शोमध्ये मी टेबलाच्या उजव्या अंगाला उभी होते, म्हाताऱ्या ड्रमरने एका संथ गाण्यात नुसत्या कड्यावर काठी टेकवत पूर्ण कडवं काढलं, एवढ्या हजारो लोकांत ते टिक टिक स्पष्ट ऐकू आलं, आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस डोळे मिटून तेच मोजत होता.

गुडघे दुखत असतील, उंची कमी असेल, तर बिनधास्त बाजूची पहिल्या मजल्यावरची सीट घ्या. उभं राहूनच खरा फॅन ठरतो वगैरे काही नसतं.

कानात बोळे घालायचे का? मजा जात नाही का?

घालाच. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉक शो त्या आसपास किंवा त्याच्या वर असतो आणि तुम्ही दोन-अडीच तास तिथे आहात. द हू या बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड आयुष्यभर कानात वाजणाऱ्या आवाजाबद्दल आणि गेलेल्या ऐकण्याबद्दल बोलत आलाय.

फेसाचे साधे बोळे वरचे सूर जास्त खातात म्हणून सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. म्युझिशियन वापरतात तसे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळ्या सुरांचा आवाज सारखाच कमी करतात, आणि खरं सांगायचं तर त्याने गाण्याचे शब्द आणखी स्पष्ट कळतात. घरी एकदा घालून सवय करा. लहान मुलांना कानावरचे मोठे मफ.

सेटलिस्ट आधी बघावी का?

सेटलिस्ट डॉट एफएमवर आदल्या रात्रीचीही सापडते. मी शो किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ चालला एवढं बघते, गाण्यांची नावं बघत नाही, पण ज्यांना एकाच गाण्यासाठी जायचंय त्यांनी जरूर बघावं. ते गाणं टूरमध्ये नसेल तर आधीच कळलेलं चांगलं, नाहीतर शेवटपर्यंत वाट बघण्यात बाकीचं सगळं निसटतं.

नवीन अल्बमची गाणी कोण ऐकतं? तेव्हा बाहेर जाऊन आलं तर?

नका जाऊ. कळकळीने सांगते, नका जाऊ. जुनी गाणी त्यांना वाजवावीच लागतात, नवी त्यांना वाजवायची असतात, आणि हा फरक स्टेजवर दिसतो, खांदे बदलतात, एकमेकांकडे बघायला लागतात. शिवाय नवी गाणी आजच्या आवाजाच्या मापाने लिहिलेली असतात, त्यामुळे गायक तिथे सगळ्यात सुरात आणि मोकळा असतो. स्टोन्सनी २०२३ मध्ये १८ वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, डीप पर्पल आणि जुडास प्रीस्ट दोघांचे २०२४ मध्ये आले. जाण्याआधी महिनाभर नवा अल्बम ऐकत राहा, निदान कोरस तरी पाठ करा. नव्या गाण्याला समोरून पाच-पन्नास लोक ओठ हलवताना दिसले तर या वयाच्या गायकाला काय वाटत असेल त्याचा विचार करा.

सगळं लाइव्ह असतं की मागे आधीच रेकॉर्ड केलेले ट्रॅक लावतात?

बँडवर अवलंबून. पण हे काही म्हातारपणीचं खूळ नाही. द हू १९७१ पासून सिंथसायझरचे टेप लावून वाजवायचे आणि त्यांचा ड्रमर कीथ मून हेडफोन घालून त्याच्याबरोबर ताल धरायचा. क्वीन 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेराचा तुकडा सत्तरच्या दशकातही टेपवरूनच लावायचे आणि स्वतः स्टेजवरून आत जायचे. कीबोर्ड, कोरस, ऑर्केस्ट्रा ट्रॅकवर असेल तर मला काही वाटत नाही. मुख्य गायकाचा आवाज ट्रॅकवर असेल तर वाटतं. थकलेला पण खरा आवाज मला कधीही चालेल.

मुख्य बँडच्या आधी वाजवणारा ओपनिंग अ‍ॅक्ट बघायचा का?

हो. वेळेवर पोचा, त्यांना ऐका, टाळ्या वाजवा. आजचे सगळे जुने बँड एकेकाळी रिकाम्या खुर्च्यांसमोर असेच वाजलेत.

मुख्य बँड नक्की कधी सुरू होतो?

जुने बँड बहुतेक वेळेवर असतात, शो ठरलेल्या वेळेत बंद करायचं बंधन असतं आणि उशीर झाला तर गाणी कापावी लागतात. काहींची खूणही ठरलेली आहे, आयर्न मेडनच्या आधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं की मैदानातले सगळे धावत आत येतात, कारण त्यानंतर लगेच दिवे जातात. आपल्या बँडची खूण कुठली ते जुन्या फॅन्सना विचारून ठेवा, ते फार आनंदाने सांगतात.

व्हिडिओ काढला तर चालेल?

एखादा फोटो, एखादं कडवं, ठीक. पूर्ण शो फोन वर धरून उभे राहू नका, मागच्याला दिसत नाही आणि स्टेजवरून समोर नुसत्या स्क्रीन दिसतात. आयर्न मेडनने २०२५ च्या टूरआधी फॅन्सना फोन खिशात ठेवायची विनंती केली होती. किंग क्रिमसनचा नियम मला सगळ्यात आवडला, संपूर्ण शोमध्ये फोटो बंद, आणि शेवटी बासिस्ट टोनी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा उचलून पब्लिककडे धरला की मग सगळ्यांनी काढायचे. तुमच्या बँडचा असा नियम नसला तरी आपल्यापुरता पाळता येतो.

एकटं जाणं विचित्र वाटेल का?

अजिबात नाही. रांगेत उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कुणीतरी तुमच्या टी-शर्टावरचं वर्ष बघून बोलायला येतंच. एकटीने जाणाऱ्या मुलींसाठी एवढंच की परतीची गाडी आधी ठरवून ठेवा, राहायची जागा चालत जाण्याच्या अंतरावर घ्या आणि घरी कुणालातरी सगळे तपशील देऊन ठेवा.

आई-बाबांना घेऊन जायचंय, कारण बँड मुळात त्यांचाच. काय काळजी घ्यावी?

याच्याइतकी चांगली भेट नाही. माझ्या घरी हे संगीत बाबांच्या कॅसेट्समधून आलं, त्यामुळे हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं. सीट्सचंच तिकीट घ्या, शक्यतो रांगेच्या कडेची, पायऱ्या कमी असतील अशी. तिथे लिफ्ट किंवा वेगळा दरवाजा आहे का ते आयोजकांना आधी मेल करून विचारा, बहुतेक ठिकाणी सोय असते पण आधी सांगावं लागतं. त्यांची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत ठेवा, गेटवर बॅग तपासतात. दुपारी त्यांना झोपू द्या. आणि शो चालू असताना सारखं "बरं वाटतंय ना" विचारू नका, त्यांना ऐकू द्या.

लहान मुलांसाठी उभ्या जागेत बहुतेक ठिकाणी वयाची अट असते, तिकीट काढायच्या आधी बघा.

काय घालायचं, काय न्यायचं?

जुने, पायात मुरलेले बूट, नवे नकोत. बॅग जितकी छोटी तितकी बरी, बऱ्याच ठिकाणी ठरावीक मापाची किंवा पारदर्शकच लागते. पॉवर बँक, कारण तिकीट फोनमध्ये असतं. उघड्यावर शो असेल तर छत्री आत नेऊ देत नाहीत, पातळ रेनकोट ठेवा.

मेंबर्सना भेटता येईल का? हॉटेलबाहेर थांबलो तर?

हॉटेलबाहेर थांबू नका. पंच्याहत्तरीचा माणूस दोन तास वाजवून आलाय, त्याला आडवं व्हायचंय. अधिकृत भेटीचं पॅकेज परवडत असेल तर घ्या, पण आधी नीट वाचा की खरंच भेट आहे की फक्त स्टेजजवळची जागा आणि एखादं पोस्टर. काही सांगायचंच असेल तर पत्र लिहा, फॅन क्लबच्या पत्त्यावर.

मर्च, म्हणजे बँडचे टी-शर्ट वगैरे, कधी घ्यायचं?

आत शिरल्या शिरल्या. शोनंतर आपल्या मापाचा टी-शर्ट उरलेला नसतो.

शो संपल्यावर बाहेर कसं पडायचं?

घाई करू नका. एन्कोर, म्हणजे बँड परत येऊन वाजवतो ती शेवटची गाणी, चालू असताना पार्किंगसाठी पळणारे लोक बघून मला खरंच वाईट वाटतं, अख्खा प्रवास करून शेवटचं गाणं सोडतात. दिवे लागले की अर्धा तास आतच किंवा गेटजवळ थांबा, तोवर गर्दी ओसरते. परत जायला शेवटची ट्रेन किंवा बस असेल तर तिची वेळ सेटच्या लांबीशी आधीच जुळवून बघा, जुळत नसेल तर चालत जाण्याइतक्या अंतरावर राहा. रात्री कानात शिट्टी वाजत असेल तर हेडफोन लावून लगेच तीच गाणी ऐकू नका, कानाला विश्रांती द्या. दुसऱ्या दिवसानंतरही वाजत राहिलं तर कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा, आठवडाभर वाट बघू नका.